मोतीबिंदूवर उपचार करणारा मराठी राजा: तंजावरचे सरफोजी राजे भोसले

भाताची झोडणी सुरू झाली की अंबरनाथ तालुक्यातल्या गावागावांत एक तक्रार हमखास ऐकू येते. डोळ्यात कुसळ गेलं. कुणी पदराच्या टोकाने काढतं, कुणी पाण्याचा हबका मारतं, आणि दोन दिवसांनी डोळा लालभडक झाला की मग दवाखाना आठवतो. म्हाताऱ्या माणसांचं दुखणं वेगळं. त्यांच्या डोळ्यांवर हळूहळू सारा येतो. समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागतो, चुलीतला जाळ नुसता तांबूस डाग दिसतो. आता नेत्रशिबिराची गाडी येते, म्हातारीला घेऊन जाते आणि लगेच आणून सोडते. ऑपरेशनला फार वेळ लागत नाही. आत लेन्स बसवतात, काळा चष्मा देतात आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी सुनेच्या साडीचा रंग सांगते.

हे सगळं अलीकडचं आहे. दोनशे वर्षांपूर्वी भूल नव्हती, डोळा बधिर करणारे थेंब नव्हते, आत बसवायची लेन्सही नव्हती. त्या काळात एका मराठी राजाने आपल्या वाड्याच्या आश्रयाने डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार चालवले आणि रोग्यांचे कागद आजच्या केसपेपरसारखे लिहवून ठेवले. हा राजा म्हणजे तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले.

तंजावर आहे तमिळनाडूत. बदलापूर स्टेशनावरून धडधडत चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्या आपण रोज बघतो. त्या गाडीने चेन्नई गाठायची आणि तिथून पुन्हा दक्षिणेला कावेरीच्या भातशेतीच्या मुलखात उतरायचं. एवढ्या लांब मराठी राज्य कसं गेलं, असा प्रश्न पडेल. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे, यांनी 1670 च्या दशकात तंजावर घेतलं. तिथे भोसल्यांची गादी बसली ती पावणेदोनशे वर्षांहून जास्त टिकली. राजे तमिळ मुलखावर राज्य करत होते, पण घरात मराठी बोलत होते आणि दफ्तर मोडीत लिहीत होते.

सरफोजींचा जन्म 24 सप्टेंबर 1777 चा. ते गादीवरच्या राजाच्या पोटचे नव्हते. तुळजाजी राजांना वारस उरला नाही, तेव्हा भोसले कुळाच्याच दुसऱ्या शाखेतला हा मुलगा त्यांनी 1787 च्या सुरुवातीला मांडीवर घेतला. तेव्हा तो नऊ-दहा वर्षांचा होता. दत्तकविधी झाला आणि थोड्याच दिवसांत तुळजाजी वारले. जाताना त्यांनी मुलाची काळजी श्वार्ट्झ नावाच्या एका जर्मन पाद्र्याकडे सोपवली. हा पाद्री कित्येक वर्षं त्या भागात राहिलेला, तमिळ बोलणारा आणि दरबाराच्या विश्वासातला माणूस होता.

पुढे जे झालं ते भाऊबंदकी पाहिलेल्या माणसाला नवीन वाटणार नाही. तुळजाजींचे सावत्र भाऊ अमरसिंह यांनी गादी घेतली. दत्तक शास्त्रशुद्ध नाही असं ठरवलं गेलं आणि कंपनी सरकारनेही तेव्हा ते मानलं. मुलाला वाड्यात कोंडल्यासारखं ठेवलं. शिकवायला कुणी नाही, मोकळं फिरायला नाही, बाहेरचा उजेडही नीट मिळत नव्हता असं त्या काळच्या हकिकतींत येतं. श्वार्ट्झने कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे तक्रारीवर तक्रार केली. शेवटी 1793 मध्ये मुलाला आणि तुळजाजींच्या विधवा राण्यांना मद्रासला हलवलं. जिवाला धोका होता म्हणूनच हे केलं गेलं.

मद्रासमध्ये मुलाचं नशीब पालटलं. तिथे त्याला गेरिक नावाचे दुसरे पाद्री शिकवायला मिळाले. इंग्रजी आली, गणित आलं, भूगोल आला, निसर्गाची आणि शरीराची माहिती देणारी पुस्तकं हाताशी आली. मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत होतंच. युरोपातल्या आणखी काही भाषांशीही त्याने ओळख करून घेतली. एवढं सगळं पाद्र्यांकडे शिकूनही सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत. शेवटपर्यंत ते देवळात जाणारे, दानधर्म करणारे हिंदू राजे राहिले. गुरूचा मान मात्र त्यांनी कधी सोडला नाही. श्वार्ट्झ 1798 च्या फेब्रुवारीत वारले, तेव्हा राजांनी इंग्लंडच्या नामांकित शिल्पकाराकडून, जॉन फ्लॅक्समनकडून, संगमरवरी स्मारक करून घेतलं. मरणशय्येवरचे म्हातारे गुरू आणि त्यांचा हात धरलेला तरुण राजा त्यात कोरलेला आहे. तंजावरच्या चर्चमध्ये ते आजही आहे.

त्याच वर्षी जूनमध्ये दत्तक बरोबर असल्याचा निकाल फिरला आणि कंपनीने सरफोजींना गादीवर बसवलं. वय वर्षं वीस. पण ही गादी फुकट मिळाली नव्हती. 25 ऑक्टोबर 1799 ला तह झाला आणि सगळ्या राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, ठराविक सालाना तनखा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. सैन्य नाही, वसुली नाही, मुलखावर हुकूम नाही. सातबारा दुसऱ्याच्या नावावर झाला आणि घर तेवढं राहिलं, असाच हा प्रकार.

सरफोजींनी इंग्रजांशी भांडण केलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. उलट नेपोलियनवर इंग्रजांनी विजय मिळवला म्हणून त्यांनी समुद्राकाठी मनोरा नावाचा उंच बुरूज बांधला. आज कुणाला हे खटकेल, आणि खटकणं चूकही नाही. पण त्या काळात तनखा खाऊन नाचगाण्यात आणि शिकारीत आयुष्य घालवणारे राजे पुष्कळ झाले. हातात पैसा आणि रिकामा वेळ आल्यावर या माणसाने काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

त्यांनी पुस्तकं जमवली. तंजावरच्या वाड्यात नायक राजांच्या वेळेपासून ग्रंथसंग्रह होता, त्याचं सरफोजींनी मोठं सरस्वती महाल ग्रंथालय केलं. ताडपत्रं, पोथ्या, नकाशे, इंग्लंडहून मागवलेली छापील पुस्तकं, सगळं तिथे आलं. बेंजामिन टोरिन नावाचे इंग्रज अधिकारी तंजावरला रेसिडेंट होते. ते मायदेशी गेल्यावरही राजांसाठी पुस्तकं आणि उपकरणं धाडत राहिले. 1805 च्या सुमारास वाड्यात देवनागरी छापखाना उभा राहिला. तिथून 1806 मध्ये इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर बाहेर पडलं, नाव बालबोध मुक्तावली. मराठीतल्या अगदी पहिल्या छापील पुस्तकांत त्याची गणना होते, आणि ते छापलं गेलं तमिळ मुलखात.

तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ आपल्या अंबरनाथच्या शिवमंदिरापेक्षा पन्नासएक वर्षांनी जुनं. अंबरनाथच्या देवळात 1060 सालचा शिलालेख आहे, तसे तंजावरच्या देवळातही चोळ राजांचे लेख आहेत. सरफोजींनी त्याच आवारातल्या भिंतींवर 1803 मध्ये भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. तमिळ देवळाच्या भिंतीवर हात फिरवत देवनागरी अक्षरं वाचत जाता येतं.

आता डोळ्यांकडे वळू.

राजांनी वाड्याच्या आश्रयाने धन्वंतरी महाल नावाची संस्था चालवली. दवाखाना, औषधाचा कारखाना आणि अभ्यासाची जागा असं ते तिन्ही होतं. आयुर्वेदाचे वैद्य, तमिळ सिद्ध पद्धतीचे वैद्य, युनानी हकीम आणि इंग्रजी पद्धतीचे डॉक्टर यांना तिथे काम दिलं होतं. एकाच छपराखाली चार पद्धतींची माणसं बसवणं आजही सोपं नाही, लगेच वाद सुरू होतात. कोणत्या औषधाने गुण आला ते तिथे लिहून ठेवत. औषधी झाडपाल्याची रंगीत चित्रं काढून घेतली होती, म्हणजे पाल्याची ओळख चुकायला नको. लागू पडलेले नुसखे पुढे तमिळ पद्यात बांधले गेले आणि शरभेंद्र वैद्य मुरैगळ या नावाने ते ग्रंथरूपात आहेत. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच. रोगवार भाग आहेत, त्यात डोळ्यांच्या रोगांचाही आहे. पद्यात का, तर पाठ करायला सोपं जातं. आणि शेतकऱ्याला आवडेल अशी गोष्ट म्हणजे तिथे जनावरांचीही औषधं तयार होत.

राजे नुसता पैसा देऊन मोकळे होणारे नव्हते. शरीरशास्त्र शिकायची त्यांना हौस होती. खऱ्या माणसाच्या हाडांना शिवणं राजवाड्याच्या सोवळ्याओवळ्यात बसत नव्हतं. म्हणून हस्तिदंताचा सापळा विलायतेहून मिळावा अशी त्यांची खटपट चालली होती, असं त्यांना भेटून गेलेल्या परदेशी प्रवाशाने लिहून ठेवलं आहे. शिकायची तळमळ असली की अडचणीतून वाट निघते.

मोतीबिंदूचा उपचार तेव्हा कसा होता तेही समजून घेतलं पाहिजे. डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असतं, मसुराच्या डाळीच्या आकाराचं पण मोठं आणि काचेसारखं स्वच्छ. वय झालं की ते गढूळ होतं, दुधी होतं. हाच मोतीबिंदू. आपल्याकडे सुश्रुताच्या ग्रंथात यावरचा इलाज फार पूर्वीच लिहिलेला आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक शलाका आत घालायची आणि ते गढूळ भिंग बाजूला सारायचं. भिंग डोळ्यातच खाली पडायचं, वाट मोकळी व्हायची आणि आंधळ्याला लगेच उजेड दिसायचा. चमत्कारच वाटे. हे काम करणारे लोक गावोगाव फिरत.

घोटाळा पुढे व्हायचा. आत पडलेलं भिंग डोळ्याला सोसत नसे. कुणाचा डोळा सुजे, कुणाला आतला दाब वाढून ठणका लागे, कुणाचा पू होऊन कायमचा जाई. तोवर सुई घालणारा आपली बिदागी घेऊन पुढच्या गावी गेलेला असे. त्याला कळतही नसे की मागे काय झालं, आणि कळून घ्यायची त्याला गरजही नव्हती.

युरोपात 1740 च्या दशकाच्या शेवटी जाक दाव्हिएल नावाच्या फ्रेंच डॉक्टरने वेगळी रीत काढली. डोळ्याच्या पुढच्या काचेला कडेने छेद द्यायचा आणि गढूळ भिंग बाहेरच काढून टाकायचं. जोखीम यातही होतीच, कारण रोगी पूर्ण शुद्धीवर असे. चार माणसांनी धरायचं, डोकं हलू द्यायचं नाही, आणि डॉक्टरचा हात पटकन आणि न थरथरता चालला पाहिजे. डोळा बधिर करायला कोकेनचे थेंब आले ते 1884 मध्ये. आत बसवायची कृत्रिम लेन्स आली 1949 मध्ये. मधल्या काळात ऑपरेशन झालेल्यांना सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखे जाड चष्मे लागायचे. आपल्याकडच्या पन्नाशीच्या माणसांनी आपल्या आजोबांच्या नाकावर ते पाहिले असतील.

हिंदुस्थानात तेव्हा डोळ्यांचं वेगळं इस्पितळ म्हणजे नवलच होतं. लंडनचं मूरफिल्ड्स इस्पितळ 1805 चं, आणि मद्रासला डोळ्यांचा दवाखाना सुरू झाला 1819 मध्ये. तंजावर मद्रासपासून लांब, पण पुस्तकं आणि हत्यारं मागवणारा राजा तिथे बसलेला होता. तंजावरच्या डोळ्यांच्या नोंदी साधारण या मद्रासच्या दवाखान्याच्याच सुरुवातीच्या काळातल्या.

सरस्वती महालात या नोंदींचे कागद जपून ठेवलेले आहेत. इंग्रजीत लिहिलेले. रोगी कोण, तक्रार काय, डोळ्याची अवस्था कशी, काय उपाय केला आणि नंतर त्या डोळ्याचं काय झालं, असा एकेकाचा वृत्तांत. सोबत रोगी डोळ्यांची रंगीत चित्रं. वाड्यातले चितारी एरवी राजाराणीच्या आणि देवादिकांच्या तसबिरी काढायचे. त्यांच्याकडून साध्या माणसाचा सुजलेला, फूल पडलेला, सारा आलेला डोळा जसा आहे तसा काढून घेतला गेला. फोटो नव्हता तेव्हा याच्याइतका पक्का पुरावा दुसरा नव्हता. महिन्याने तोच डोळा पुन्हा पाहिला की चित्राशी ताडून बघता येईल.

फिरत्या सुईवाल्यात आणि तंजावरच्या दवाखान्यात खरा फरक हाच होता. सुई दोघांकडे होती. डोळ्याचं पुढे काय झालं ते लिहायची तयारी मात्र एकाकडेच होती. उपचार फसला तर तोही कागदावर येणार, आणि राजाच्या दवाखान्यात अपयश लिहून ठेवायला छाती लागते. कारभारात खोटं लिहायची सवय त्या काळीही लोकांना होतीच.

राजे स्वतः शस्त्र हातात घेत का, असं कुणीही विचारेल. या कागदांवरून अभ्यासक असं मानतात की ते स्वतः मोतीबिंदू काढत आणि शस्त्रक्रियेच्या हत्यारांची पेटी प्रवासातही बरोबर ठेवत. इंग्रज डॉक्टरही मदतीला असत. क्षत्रिय राजाने परक्या, साध्या रयतेच्या डोळ्याचा पू पुसायचा, हे तेव्हाच्या सोवळ्याच्या हिशेबात किती मोठं पाऊल होतं ते आज सहजी ध्यानात येत नाही.

राजांचा हा कनवाळूपणा दवाखान्यापुरता नव्हता. तंजावरकडे रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी छत्रं, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा होत्या. तिथे जेवण तर मिळेच, पण आजारी पडलेल्याला वैद्य मिळे, वाटेत दिवस भरलेल्या बाईचं बाळंतपण होई, आणि कुणी वारला तर त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी होई. कंपनी या छत्रांची जमीन ताब्यात घेईल अशी भीती होती, तेव्हा राजांनी 1801 मध्ये रेसिडेंटला पत्र लिहून हा सगळा खर्च कशासाठी होतो ते समजावून सांगितलं. एरवी इंग्रजांपुढे नमतं घेणारा राजा इथे मात्र अडून बसला. ओरत्तनाडला मुक्तांबाळच्या नावाने त्यांनी स्वतः मोठं छत्र उभारलं, तिथे मुलांची शाळाही होती. मुक्तांबाळ ही राजांची लग्नाची राणी नव्हती, पण तिच्या नावाने त्यांनी उभं केलेलं काम राण्यांच्या वाट्याला आलं नाही.

1820 मध्ये राजे काशीयात्रेला निघाले. हजारोंचा लवाजमा होता आणि ही यात्रा दोन वर्षं चालली. येताना त्यांनी पोथ्या आणल्या आणि काशीच्या घाटांची चित्रं करून घेतली. तीही ग्रंथालयात आहेत.

1826 च्या मार्चमध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले. त्यांनी राजांची भेट घेतली आणि चकित झाले, कारण हा राजा युरोपातल्या शास्त्रज्ञांची नावं आणि कामं घरच्यासारखी बोलत होता. हेबर इथून त्रिचनापल्लीला गेले आणि काही दिवसांतच तिथे वारले.

सरफोजी राजे 7 मार्च 1832 ला गेले. वय 54. त्यांच्यामागे मुलगा शिवाजी गादीवर आला. त्याला मुलगा नव्हता, आणि 1855 मध्ये तो वारल्यावर डलहौसीच्या सरकारने तंजावरची गादीच खालसा केली. ज्या दत्तकाच्या जोरावर सरफोजी राजे झाले, तो दत्तकाचा हक्क त्यांच्या नातवंडांच्या वेळी इंग्रजांनी मानलाच नाही. राणी कामाक्षीबाईसाहेब कोर्टात लढल्या आणि खासगी मालमत्तेचा दावा थेट विलायतेपर्यंत गेला, पण राज्य काही परत मिळालं नाही.

राज्य गेलं तरी पुस्तकं राहिली. सरस्वती महाल 1918 मध्ये सर्व लोकांसाठी खुलं झालं. डोळ्यांचे ते कागद मात्र बरीच वर्षं इतर दफ्तरात पडून होते. 2003 मध्ये चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. बद्रिनाथ यांची तंजावरच्या भोसले घराण्याच्या वंशजांशी भेट झाली, तेव्हा बोलण्याबोलण्यात या कागदांचा विषय निघाला. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते वाचायला घेतले, आणि त्यावर वैद्यकीय मासिकांतून लेख आले. दोनशे वर्षांपूर्वीच्या रोग्याला काय झालं होतं हे आजचा डॉक्टर ती चित्रं बघून ओळखू शकतो.

आपल्या भागातून रामेश्वरच्या यात्रेला जाणाऱ्या बसगाड्या तंजावरचं देऊळ दाखवतात आणि तासाभरात पुढे निघतात. देवळापासून वाडा लांब नाही. त्याच वाड्यात सरस्वती महाल आहे, आणि निवडक वस्तूंचं प्रदर्शनही बघायला मिळतं. ड्रायव्हरला सांगून गाडी अर्धा तास जास्त थांबवली तरी चालेल.